नागपुरात बायकांचं वारसा मंडळ सुरू करायचंय, मोठ्या संस्थेची शाखा घ्यावी की आपलं आपलं करावं?

महालची_सून

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहून राहिली आहे, सांभाळून घ्या.

आम्ही काही जणी दर महिन्यात एका रविवारी सकाळी जुन्या नागपुरात फिरतो. महाल, चितारओळी, गांधी गेट, जुनी शुक्रवारी असं. सुरुवात नुसती फिरायला म्हणून झाली होती, नंतर तर्री पोहे आणि घरी. पण हळूहळू लक्षात आलं की वाडा कोणी बांधला, दरवाजा कोणत्या राजाचा हे सगळं सांगणारे भेटतात, पण त्या वाड्याच्या आत कोण राहायचं, विहिरीवर कोण यायचं, माजघरात काय शिजायचं हे विचारलं की एखादी म्हातारी आजी दारात येऊन उभी राहते आणि मग तासभर आम्ही तिथेच. मागे एका आजींनी भुलाबाईची, म्हणजे मुलींच्या त्या महिनाभराच्या खेळाची, गाणी म्हणून दाखवली, आम्ही तोंडात बोट घालून ऐकत राहिलो, कारण माझ्या मुलीला भुलाबाई म्हणजे काय हेच माहीत नाही, आणि खरं सांगू तर मलाही चार ओळींच्या पुढे येत नाही.

तर आता मंडळ करायचं सगळ्यांच्या मनात आहे. मुंबईची एक महिलांची वारसा संस्था आहे, नाव नाही घेत, त्यांना आमचे फोटो दिसले आणि त्यांनी फोन केला की तुम्ही आमची नागपूर शाखा काढा. नाव मिळेल, लेटरहेड मिळेल, ओळखी मिळतील. पण वर्गणीतला निम्मा हिस्सा मुख्यालयाला, वर्षभराचे कार्यक्रम आधी तिकडून मंजूर करून घ्यायचे आणि उद्घाटनाला पैठणीचा शो करायचा असा आग्रह. पैठणी येवल्याची, पैठणची, तिचं आमच्याकडे काय काम ते मला समजलं नाही पण असो. आमच्यातल्या अर्ध्या म्हणतात नाव मोठं आहे घेऊन टाका, अर्ध्या म्हणतात काहून कोणाच्या हाताखाली जायचं.

ज्यांनी संस्था चालवल्या आहेत त्यांनी सांगा बापा. नोंदणी कशी करतात, आधी काय करावं, आणि फिरणं आणि फोटो सोडून असं मंडळ नेमकं काय करतं?

ऑडिटवाली_काकू

मी ट्रस्ट आणि सोसायट्यांचे हिशेब तपासते त्यामुळे माझ्याकडून कोरडंच मिळेल.

स्वतःची संस्था करायची तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. घटना लिहायची, उद्देश, सभासद कोण होणार, कार्यकारिणी किती वर्षांची, कोरम किती, हे सगळं त्यात. आपल्या महाराष्ट्रात तेवढ्यावर भागत नाही, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. कागद जमा करणं कठीण नाही, चांगला वकील किंवा सीए असला की होऊन जातं.

पोरी, खरी गंमत पुढे आहे. दरवर्षी ऑडिट. आणि कार्यकारिणीत एक जरी माणूस बदललं, निवडणूक झाली, कोणी राजीनामा दिला, कोणी वारलं, की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, धर्मादाय आयुक्तांकडे द्यायची. महिला मंडळं इथे मरतात. मी किती पाहिली, रेकॉर्डवर अध्यक्ष म्हणून ज्या बाई आहेत त्या मुलीकडे अमेरिकेत, सचिव देवाघरी, आणि ज्या खरोखर काम करून राहिल्या त्यांची नावं कुठेच नाहीत, बँक म्हणते सही चालणार नाही. मग दोन गट पडतात आणि दोन्ही गट माझ्याकडे येतात.

शाखेचं म्हणशील तर शाखा म्हणजे कायद्याने वेगळी संस्था नसते. पॅन त्यांचं, खातं त्यांच्या ठरावाने उघडणार आणि त्यांच्या ठरावाने बंद होणार. पैशाचं मी समजू शकते, पण तू गोळा केलेली ती भुलाबाईची गाणी, आज्यांचे फोटो, ते कोणाचं? उद्या पटलं नाही आणि तुम्ही बाहेर पडलात तर ते रेकॉर्डिंग त्यांच्या मुख्यालयात आणि तुम्ही इकडे टाळ्या वाजवत. हे लेखी विचार त्यांना. उत्तर काय येतं त्यावरून तुला माणसं समजतील.

माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष काहीच नोंदवू नका. फक्त एक वही घाला, प्रत्येक बैठकीला तारीख, हजर कोण, काय ठरलं, आणि खाली सह्या. पैसे एकीच्या स्वतःच्या खात्यात यूपीआयने जमा करू नका, सुरुवातीला सगळ्यांना सोयीचं वाटतं आणि वर्षाच्या शेवटी तिला आयकराला आणि तुम्हाला, दोघांनाही उत्तर देत बसावं लागतं. तोवर जो खर्च होईल तो ज्याचा त्याने.

बर्डीवाली

मला कळत नाही वेगळं कशाला पाहिजे? इन्टॅक आहे ना. १९८४ पासूनची वारसा जपणारी देशपातळीवरची संस्था आहे, नागपूर चॅप्टर आहे, कन्व्हीनर असतात, त्यांचे कार्यक्रम होतात. मेंबर व्हा आणि आतून काम करा. झिरो माइलचा दगड, कस्तुरचंद पार्क, अजब बंगला, हेरिटेज यादीतले ग्रेड एक दोन तीन, या सगळ्यासाठी पत्रं लिहायला, कमिटीपुढे बोलायला वजन लागतं ते चार जणींच्या मंडळाला कोण देणार आहे.

महालची_सून

@बर्डीवाली ताई, त्यांचं काम चांगलंच आहे, त्यांच्या वॉकला मी गेलेली आहे. पण आम्हाला जे करायचंय ते इमारतीचं नाही ना. ग्रेडच्या यादीत वाडा येईल, त्या वाड्यातलं जातं कसं येणार? दोन्ही चालेल की. मेंबर पण होऊ आणि आपलं पण करू.

@काकू, वहीचं पटलं. फोटो-रेकॉर्डिंग कोणाचं हा प्रश्न आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता, आजच मेल टाकते.

पाचपावलीची_पोट्टी

ताई राग मानू नका पण एक विचारते. तुमच्या लिस्टमध्ये महाल आहे, चितारओळी आहे, वाडा आहे, माजघर आहे. आमच्या दलित, कामगारांच्या वस्त्या, पाचपावली कुठे आहे? इंदोरा? इतवारीच्या कोष्टीपुऱ्यातल्या विणकर बाया?

नागपूरच्या बायकांचा इतिहास म्हणाल तर १९४२ च्या जुलैत इथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली, आणि २० तारखेला त्याच मंडपात बायकांची वेगळी परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, अमरावतीच्या. हजारोंनी बाया आल्या होत्या. ठराव वाचा एकदा. बाईला घटस्फोटाचा हक्क पाहिजे, नवऱ्याने एकीवर दुसरी करू नये, गिरणीत काम करणाऱ्या बायांना रजा पाहिजे आणि त्यांच्यावर देखरेखीला बाईच पाहिजे. १९४२ मध्ये! समाज किती पुढे गेला ते मी त्या समाजातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मोजतो असं बाबासाहेब बोलले ते इथेच, आपल्या नागपुरात. आणि हेरिटेज वॉकला मला सांगतात इथे हत्ती बांधायचे.

जाईबाई चौधरी माहीत आहेत का कोणाला? उमरेडच्या. नागपूर ते कामठी लोकांचं सामान डोक्यावर वाहायच्या, त्यातून शिकल्या आणि १९२२ मध्ये मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. राधाबाई कांबळे गिरणी कामगार, पुढे कामगारांच्या पुढारी झाल्या. ही नावं मला कुठून कळली तर उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकातून, १९८९ चं आहे. त्या दोघी गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांना भेटल्या, विचारलं, लिहून घेतलं, म्हणून ते उरलं. तेव्हा नसतं केलं तर आज विचारायला कोणीच नव्हतं.

माझी पणजी एम्प्रेस मिलमध्ये, इथल्या कापड गिरणीत होती, सूत गुंडाळायच्या खात्यात. तिच्याबद्दल आमच्याकडे काय आहे? एक बिल्ला, नंबरचा, गंजलेला. बस. तिचं काम काय होतं, पगार किती होता, लेकरू कोणाकडे ठेवायची, आजीला थोडं थोडं माहीत आहे आणि आजी ऐंशीच्या पुढे गेली.

मंडळ करा, जरूर करा, मी येते. पण ते महाल-धंतोलीच्या बायकांचं मंडळ असेल तर नाव ‘नागपूर’ नका देऊ.

इतवारीचा_राजू

पोट्टीने बरोबर सांगितलं. मी पुरुष आहे, माझं इथे काम नाही, पण कोष्टीपुऱ्याचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे हातमाग होते. नागपुरी लुगडी म्हणजे काय ते आता फोटोतच दिसतं, सुती अंग आणि रेशमी काठ. मागावर बसायचा बाप आणि नाव व्हायचं बापाचं, पण कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची आई, ताणा लावायला हाताशी आई, खळ लावायला आई, आणि पहाटे उठून पुन्हा चूल. पूर्ण लुगड्याचे पैसे बापाच्या हातात यायचे. आईला विणकर कोणी म्हटलंच नाही कधी. तिला विचारलं तर ती पण म्हणते, मले काय येते बापू, मी तं नुसत्या कांड्या भरत होती.

रिटायर्ड_मास्तरीण

वा, चांगला धागा आहे. मी इतिहास शिकवायची, म्हणून थोडं कामाचं.

आधी राजूच्या आईचं. तिला ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं तर ती दोन मिनिटांत संपवेल आणि चहा ठेवायला उठेल. तिच्या हातात कांडी द्या. चरखा अजून माळ्यावर असेल तर खाली काढा. वस्तू हातात आली की बाई बोलायला लागते, हात आधी बोलतात. लांब रोटीवाल्या मावशीला मुलाखत द्या म्हणू नका, तिला कणीक मळताना भेटा, लोकवन गव्हाची ती सैल कणीक ती कशी आपटते, हातावर कशी लांबवते आणि उलट्या मडक्यावर कशी टाकते ते व्हिडिओत घ्या आणि मग विचारा की हे कोणाकडून शिकलात.

रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी. साध्या मराठीत एक कागद, की हे आम्ही मंडळाकडे ठेवू, कोणाला ऐकवायचं आणि कोणाला नाही ते तुम्ही सांगा, नंतर नको वाटलं तर काढून टाकू. बाई लिहिणारी नसेल तर तेच वाचून दाखवून तिचं हो रेकॉर्ड करा. सासू-जावांच्या गोष्टी निघतात, घरातली भांडणं निघतात, ते उद्या व्हॉट्सॲपवर फिरलं तर त्या घराचं दार पुन्हा उघडणार नाही. फोन एअरप्लेन मोडवर. आणि पंखा बंद. पंख्याच्या आवाजात सगळं जातं, मी स्वतः ऐकून कंटाळलेली आहे.

फोटो असतील तर मागे बॉलपेनने नावं लिहू नका, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने. लॅमिनेशन अजिबात नाही, लोकं प्रेमाने करून आणतात आणि फोटो कायमचा गेला. मोबाइलने काढलेला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ स्कॅन करा.

लुगड्यांचं मात्र मनापासून सांगते. माझ्या सासूबाईंचं एक आहे, काठ काळपट लाल, आता रंग काय होता ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं, तर घडीवर अंग अजून धड आहे पण काठ सुटला, बोट लावलं की रेशमाचा भुसा पडतो. तेव्हा घडी मोडत राहायची, दर काही महिन्यांनी उलट्या जागी घालायची, किंवा सरळ नळकांड्यावर गुंडाळायचं, जुन्या धुतलेल्या मलमलमध्ये. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू द्यायच्या नाहीत.

आणि भुलाबाईची गाणी हा एक वर्षाचा प्रकल्प होईल. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालायचं ते, घरोघर जायचं, शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. तीच गाणी वर्ध्याला वेगळी, अमरावतीला वेगळी, एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात गेलं तरी कडवं बदलतं. एकेकीचं वेगळं रेकॉर्ड करा, सगळ्यांना एकत्र बसवून ‘बरोबर’ गाणं ठरवायला जाऊ नका.

बर्डीवाली

हे सगळं ठीक आहे पण मग त्याला वारसा म्हणून कोण विचारणार? लोकांना राणी पाहिजे, तलवार पाहिजे. अनसूयाबाई काळे घ्या ना, १९५२ ला नागपूरच्या खासदार. कुसुमावती देशपांडे घ्या, इथे मॉरिस कॉलेजात शिकवायच्या, १९६१ ला ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, पहिली बाई अध्यक्ष. ही नावं घेतली तर प्रायोजक येतील. कांड्या भरण्याला कोण प्रायोजक देतो?

पाचपावलीची_पोट्टी

प्रायोजकासाठी करायचं तर पैठणी शोच करा मग, तो तयारच आहे 😀

रिटायर्ड_मास्तरीण

भांडू नका गं. कुसुमावतीबाईंचंही करायचं आणि कांड्यांचंही.

आणि राणी पाहिजे तर राणी आहे आपल्याकडे, पण तिचं आपण काय केलं पाहा. बाकाबाई. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांची बायको. १८१७ ला इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई हरल्यावर आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली, त्यावर लहान मुलगा बसवला आणि इंग्रजांच्या रेसिडेंटच्या छायेत घर सांभाळायला ही. १८५३ च्या शेवटी तिसरे रघुजी वारले, इंग्रजांनी वारस नाही म्हणून राज्य घेतलं, हत्ती, घोडे, दागिने लिलावाला काढले, त्या वेळी वाड्यातून विरोध करणारी ही म्हातारीच. तीन-चार वर्षांनी १८५७ मध्ये मात्र तिने आपल्या माणसांना उठावात पडू दिलं नाही. आता ती घाबरली होती, की हिशेबी होती, की अजून काही हरवायचं राहिलं होतं, यावर बसून बोलण्यासारखं आहे. पण आपल्या लोकांनी काय केलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे तो मोठा पुतळा, मिरवत निघते ती बाकाबाईचीच म्हणून सांगतात, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत जाळतात. मारबत मला आवडते, लहानपणापासून बघते, बंद करा असं मी म्हणत नाही. पण नागपूरच्या इतिहासातली एक राणी घराघरात माहीत आहे आणि ती फक्त शिव्या खायला. बायकांच्या वारसा मंडळाने यावर एक बैठक तरी घ्यावी की नाही?

इतवारीचा_राजू

मॅडम हे बोलाल तर मारबत मंडळाची पोट्टे तुमच्या दारात येतील 😄 पण बैठक घ्या, मी मागे उभा राहून ऐकतो.

ऑडिटवाली_काकू

एक राहिलं. पाचपावलीच्या मुलीने जे म्हटलं ते घटना लिहिताना कामाचं आहे. कार्यक्षेत्र ‘नागपूर शहर’ लिहिलं की सभासदत्व कोणाला, हे तिथेच ठरतं. बऱ्याच जुन्या मंडळांच्या नियमावलीत ‘दोन सभासदांची शिफारस’ असं कलम असतं, दिसायला निरुपद्रवी, पण त्यामुळे मैत्रिणीची मैत्रीण एवढंच येतं आणि तीस वर्षांनी सगळ्या एकाच तीन गल्ल्यांतल्या. ते कलम ठेवू नका. वर्गणीही शंभराच्या वर नको, ज्यांना जास्त द्यायचंय त्यांच्यासाठी देणगीची पावती आहेच.

महालची_सून

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

मुंबईहून उत्तर आलं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही, उलट विचारलंय की उद्घाटनाला किती पैठण्या जमतील. त्यामुळे शाखेचा विषय निदान यंदा तरी बंद. आमच्यातल्या दोघी नाराज आहेत, त्यांना लेटरहेडची फार हौस होती, बघू.

@पोट्टी, तू म्हणालीस ते टोचलं आणि टोचायलाच पाहिजे होतं. पुढची बैठक महालात नको. तुझ्या आजींना चालत असेल तर तुमच्याकडे येतो, पाच-सहाच जणी, सगळा मोहल्ला घेऊन नाही येत. बिल्ला बघायचाय. त्यानंतर राजूभाऊंच्या आईकडे, त्या हो म्हणाल्या तर. महालाची पाळी त्यानंतर. बैठक दर वेळी वेगळ्या वस्तीत असा नियमच करून टाकू, आणि तो वहीत पहिल्या पानावर. @मास्तरीणबाई, परवानगीचा कागद तुम्ही लिहून द्याल का, आम्ही लिहिला तर कोर्टाच्या नोटिशीसारखा होतो.

पाचपावलीची_पोट्टी

आजीला विचारलं. म्हणते, येऊ दे, पण मले काय विचारतेत त्या, मी काही शिकली-सवरली नाही. मी म्हटलं गिरणीचं विचारतील. तर लगेच सुरू झाली, भोंगा किती वाजता व्हायचा, तिची आई भाकरी कशात बांधून न्यायची. थांबवलं तिला, म्हटलं रविवारपर्यंत ठेव.

एकच अडचण. आजीच्या खोलीत कूलर आहे आणि मे महिना चालू आहे. पंख्यासोबत तो पण बंद करायचा असेल तर ती तुम्हाला अर्ध्या तासाच्या वर बसू देणार नाही. सकाळी सातला या.